कव्हरवरचा बाप

सातपूर
९ फेब्रुवारी २०२५

रोहित,

आशीर्वाद वगैरे नंतर बघू. आधी वाच.

तू माझा नंबर ब्लॉक केलायस, आईचाही केलायस. म्हणून हे पोस्टाने पाठवतेय, तुमच्या अल्बमच्या पाठीमागे छापलेल्या बंगळुरूच्या स्टुडिओच्या पत्त्यावर. पाकीट घेताना पोस्टातला माणूस म्हणाला, आता पत्रं कोण लिहितं ताई. मी म्हटलं, ज्यांची भावंडं फार मोठी झालीत ती लिहितात.

काल पहिली शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये चढले. समोर कॉलेजचा एक पोरगा उभा होता, काळा टी-शर्ट घालून. त्या टी-शर्टावर आपला बा होता. पांढऱ्या कापडावर आडवा, तोंडावर म्हसासुराचा मुखवटा, आणि कपाळावरून डाव्या शिंगापर्यंत लाल अक्षरांत 'तोंडवळा'. खाली तुमच्या बँडचं नाव, 'घाट बंद'. पोराने वरची दांडी धरली होती, त्यामुळे बस हलली की बाच्या अंगावर सुरकुत्या पडायच्या. मी पुढच्याच स्टॉपला उतरले आणि खोलीपर्यंत चालत आले.

अल्बम आल्यावर फोनवर मी तुला म्हटलं होतं की तू बापाचं मढं बाजारात मांडलंस. तेव्हा तू फोन ठेवलास तो ठेवलासच. काल मात्र मला ते मढं बसच्या गर्दीत धक्के खाताना दिसलं. मग सांग, मी काय चुकीचं बोलले होते?

कंपनीच्या कँटीनमध्ये तुमच्यावर भांडणं होतात. आमच्या पॅकिंगची एक पोरगी म्हणते, रॉक म्हणजे असलंच असतं, लोकांना हादरवायचं. सुपरवायझर म्हणतो, हादरवायला कोणाचं तरी मढं लागतं का. कुठल्याशा इंग्रजी वेबसाइटने लिहिलंय की हे कव्हर मरणाकडे न घाबरता बघतं. शहरातल्या एका संघटनेने देवाचा अपमान झाला म्हणून पोलिसांत अर्ज दिलाय. म्हसासुर देव नाही, राक्षस आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. तो मेलेला माणूस आपला बाप आहे हेही त्यांच्यातल्या कोणाला माहीत नाही. मी कँटीनमध्ये मान खाली घालून डबा खाते.

पाड्यावर मात्र सगळ्यांना माहीत आहे. तिथे काय चाललंय ते पुढच्या पत्रात लिहीन. ते कव्हर काढून टाक. सगळीकडून काढ.

मोहिनी


पाडा
२४ फेब्रुवारी

रोहित,

तुझं उत्तर नाही. बरं.

मी रजा टाकून पेठच्या गाडीने पाड्यावर आलेय. आई बोलत नाही. भाकरी थापते, माझ्यापुढे ठेवते आणि स्वतः उठून शेळ्यांकडे जाते. फुलाबाई मामी शेजारीच राहते, पण शिमग्याच्या पापड्या करायला या वर्षी तिने आईला हाक मारली नाही.

गोष्ट आता कव्हरपुरती राहिलेली नाही. गोटीराम काका बोहाड्याचा कारभार बघतात हे तुला ठाऊक आहे. ते परवा ओट्यावर येऊन बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, म्हसासुराचं सोंग देवरामच्या, म्हणजे आपल्या बाच्या, घराकडे ठेवायचं की काढून घ्यायचं, हे शिमग्याच्या दिवशी पंच बसून ठरवतील. म्हणजे त्यांचं ठरलंय. दुसरं घर टपून बसलंच आहे.

शहराने तुला विसरायला लावलं असेल तर पुन्हा सांगते. बोहाड्यात रात्रभर मुखवटे बांधून सोंगं नाचतात, त्यात गणपतीचं सोंग एका घराकडे, रावणाचं एका घराकडे, तसं म्हसासुराचं आपल्या घराकडे. पणजोबाने पांगाऱ्याच्या लाकडातून तो मुखवटा कोरला, तेव्हापासून. आपल्याकडे जमीन म्हणशील तर नागलीपुरती आणि भातापुरती. दरसाल दिवाळीनंतर बा सातपूरला कामाला यायचा, तिथे त्याला 'ए मामा' म्हणायचे. पण अक्षय्य तृतीयेनंतर बोहाड्यात तो मुखवटा बांधून निघाला की ज्याच्या शेतावर त्याने मजुरी केली तो पाटीलसुद्धा बाजूला सरून वाट द्यायचा. या घराला कोणी वाट दिलेली मी तेवढीच पाहिलीय.

पंचांच्या लेखी तुझे दोन दोष आहेत. सोंग उभं असताना किंवा नसताना, मुखवट्याचा फोटो काढायचा नाही, हा एक. आजवर कोणी काढला नव्हता, मुंबईहून कॅमेरे घेऊन आलेल्यांनासुद्धा काढू दिला नव्हता. आणि दुसरा मोठा. मुखवटा जित्या तोंडावर बांधायचा आणि जित्या तोंडावरूनच सोडायचा. तू तो मेलेल्या माणसाला बांधलास.

मला बाचं तोंड कोणी दाखवलं नाही. सातपूरच्या कारखान्यात बाच्या अंगावर भट्टी उसळली तेव्हापासून मी सिव्हिल आणि पोलीस चौकी यांच्यामध्ये सह्या करत फिरत होते. पाड्यावर पोचले तेव्हा कापड वरपर्यंत ओढलेलं होतं. सगळे म्हणाले, पोरीने बघू नये, जळालंय. मीही बघितलं नाही. आणि मी तिकडे सह्या करत होते तेव्हा तू इथे त्या जळालेल्या तोंडावर शिंगं चढवून अल्बमचं कव्हर करत होतास. हे लिहितानाही माझ्या अंगाची आग होतेय.

आता नीट ऐक. मी गोटीराम काकांच्या पाया पडलेय. ते म्हणाले, कव्हर निघालं तर बोलायला तोंड राहील. तर कव्हर काढ. टी-शर्ट बंद कर. आणि तुझ्याकडचा तो मूळ फोटोही पुसून टाक, फोनमधला, कॉम्प्युटरमधला, जिथे असेल तिथला. एकही ठेवू नकोस. शिमग्याच्या आत हे कर. बापासाठी काही केलं नाहीस, एवढं तरी कर.

मोहिनी


पाडा
१४ मार्च, धुळवड

रोहित,

तुझा निरोप मिळाला. काल दुपारी, अनोळखी नंबरवरून. 'काढलं. मूळ फोटोही पुसला. आईला सांग.' मी लगेच त्या नंबरवर फोन लावला, तर तुमचा ड्रम वाजवणारा अमित बोलला. म्हणाला, रोहित पत्रं वाचतो, पण फोनवर यायला तयार नाही. मी अल्बम शोधून पाहिला. कव्हरच्या जागी नुसता काळा चौकोन होता. मला इतकं हलकं वाटलं की मी ओट्यावर बसून रडले. आईला सांगितलं तर ती फक्त 'का?' म्हणाली आणि आत गेली.

मग संध्याकाळी पंच बसले. तिथे जे झालं ते मी तुला जसंच्या तसं सांगणार आहे, कारण मला आता तुझ्यासमोर तोंड वर करून बोलायची लाज वाटतेय.

गोटीराम काकांनी दोष वाचावेत तसे मोठ्याने सांगितले. पोराने मढ्याला सोंग चढवलं, त्याचा फोटो काढला, तो बाजारात मांडला. मी तुझ्या निरोपाचं सांगितलं. ते म्हणाले, कव्हर निघालं हे चांगलं झालं, पण मढ्याला बांधलेला मुखवटा सुटत नसतो. मी हात जोडून उभी होते. तेवढ्यात आई बायकांमधून उठली. तुला माहीत आहे, आई चार माणसांत कधी बोललेली नाही.

"मुखवटा मी बांधला," ती म्हणाली. "रोहित भायेर लाकडं रचत व्हता. त्येला ठावं बी नव्हतं."

कोणीतरी विचारलं, का बांधलास.

"दरसाल बोहाड्यात देवी त्येला मारायची. दरसाल पडायचा, पानी शिंपडलं का उठायचा. मला वाटलं, बांधून पाहू. पानी बी शिंपडलं मी."

फुलाबाई मामीने पदर तोंडात धरला. गोटीराम काका होळीच्या लाकडांकडे बघत बसले. बा पडला की त्याच्यावर पाणी शिंपडून मुखवटा सोडायचं काम तीस वर्षं त्यांनीच केलंय.

नंतर आईने मला सांगितलं की ती पाणी शिंपडत असताना तू आत आलास. तू तिला काही विचारलं नाहीस, मुखवटा ओढून काढला नाहीस. बराच वेळ उभा राहिलास, मग फोटो काढलास, मग मुखवटा सोडून आढ्याला टांगलास आणि तिचा हात धरून तिला बाहेर आणलंस. म्हणजे तुला माहीत होतं. फोनवर मी तुला काय काय बोलले. संघटनावाले बोलले, पाडा बोलला, हजारो अनोळखी माणसं बोलली. तू एकदासुद्धा म्हणाला नाहीस की हे आईने केलंय. मी मोठी बहीण, मला तरी सांगायचं होतंस.

तो फोटो तू का काढलास, आणि काढलास तर कव्हरवर का लावलास, हे मला अजून कळत नाही. तरी मी बोलले ते मागे घेते. सगळं मागे घेते.

पंचांनी निकाल असा दिला की दोष मुखवट्याला लागला, घराला नाही. मान आपल्याकडेच राहील, अक्षय्य तृतीयेला नवा मुखवटा पुजून उभा केला तर. जुना तिथेच होळीला द्यायचा, कारण दोषाचं लाकूड शिमग्याच्या पुढे ठेवत नाहीत. आईने घरातून आढ्याला टांगलेला मुखवटा सोडून आणला आणि स्वतःच्या हाताने होळीत ठेवला. संबळ वाजत होता. बायका आईजवळ येऊन उभ्या राहिल्या. मी फार दिवसांनी पोटभर जेवले.

या वर्षी मुखवटा बांधायला तूच हवास. येशील ना?

ताई


पाडा
२७ मार्च

रोहित,

आपण सगळे मूर्ख आहोत. मी तर सगळ्यांची पाटलीण.

गेणूबाबा काल आला. तो दिंडोरीकडे द्राक्षांच्या तोडणीवर होता, म्हणून शिमग्याला नव्हता. मुखवटे कोरणारं ते एकच घर राहिलंय. पांगाऱ्याचं लाकूड तयार ठेवलं होतं, आईने तांदळाच्या भाकरी केल्या होत्या. गेणूबाबाने हत्यारं काढली, पाटावर मांडली, आणि म्हणाला, "जुना कुठंय?"

मी म्हटलं, होळीला दिला. तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.

जुना समोर ठेवूनच नवा कोरतात, रोहित. एक हात जुन्यावर फिरवायचा, एक हात नव्यावर चालवायचा, आणि नवा पुजून झाला की मग जुना अग्नीला द्यायचा. हे गोटीराम काकांना माहीत होतं, पंचांना माहीत होतं, आईला माहीत होतं. पण आपल्या हयातीत कोणी मुखवटा बदललेला पाहिला नव्हता. त्या दिवशी सगळ्यांना दोष जाळायची घाई झाली होती. मान राहिला या आनंदात एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण नमुनाच जाळतोय.

गोटीराम काकांना बोलावलं. ते कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, एका घराच्या मानावर दुसरा तोंडवळा देवीसमोर उभा करता यायचा नाही. रंग वेगळा चालतो, लाकूड वेगळं चालतं, चेहरा तोच पाहिजे. तो नसला तर म्हसासुराविना बोहाडा करू आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या घराने आपला मुखवटा आणून उभा करावा. हे सांगताना त्यांच्या डोळ्यात पाणी होतं, पण सांगितलंच.

गेणूबाबा म्हणाला, मग तुम्ही सांगा, मी कोरतो. आणि त्याने मला विचारायला सुरुवात केली. डावं शिंग आत वळलेलं की बाहेर? वरचे दात किती? भुवया जोडलेल्या होत्या का? नाकपुडीच्या बाजूला बापजाद्यांनी एक खाच ठेवली होती, ती उजवीकडे की डावीकडे? मी लहानपणापासून तो मुखवटा पाहत आलेय. कंपनीत दिवसभर मी सुट्या भागांवरचे ओरखडे शोधते, केसाएवढी चीर मला सुटत नाही. मी एकाही प्रश्नाचं उत्तर देऊ शकले नाही. आई डोळे मिटून सांगायला लागली, पण तिला बाच दिसत होता. ती बाचं नाक सांगायची, बाची हनुवटी सांगायची. गेणूबाबाने हत्यारं परत गुंडाळली.

मग मी फोनवर शोधत बसले. तुझं कव्हर अजून कुठे कुठे शिल्लक आहे. पण बातमीवाल्यांनी मुखवट्यावर धूसर पट्टा मारलाय, संवेदनशील म्हणून. आणि ज्यांनी मारला नाही त्यांच्याकडे तुमची ती लाल अक्षरं आहेत. डावं शिंग, कपाळ, भुवया, सगळं 'तोंडवळा'च्या खाली झाकलंय. मी बोटाने अक्षरं बाजूला सारता येतील असं बघत होते, इतकं डोकं फिरलं होतं.

अक्षरांशिवायचा फोटो फक्त तुझ्याकडे होता, आणि तो पुसायला मी तुला सांगितलं होतं. बापाची आण घालावी तसं सांगितलं होतं.

असेल तर पाठव. कुठे चुकून राहिला असेल, कोणाला पाठवला असशील, त्या अल्बमचं चित्र जुळवणाऱ्या माणसाकडे असेल. शोध. मी रोज अमितला फोन करतेय.

ताई


मनमाड स्टेशन
१० एप्रिल

रोहित,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, घेऊन येतेय. कर्नाटक एक्स्प्रेस उशिराने आहे, म्हणून बाकावर बसून लिहितेय. तू समोर आलास की तोंडातून भलतंच निघेल, ते आधी कागदावर बरं, असं माझं मलाच वाटलं.

अमित सांगतो, फोटोचं नाव काढलं की तू उठून जातोस. कव्हर जुळवणाऱ्याने त्याच्याकडचं सगळं तुझ्याच सांगण्यावरून पुसलंय. आता तुझा लॅपटॉप राहिला, त्याला तू कोणाला हात लावू देत नाहीस. गेणूबाबा म्हणतो, आठवड्याभरात नमुना मिळाला तर तो रात्रीचा दिवस करून कोरेल. त्यापुढे त्याच्या हातात नाही. आईने पुन्हा जेवण सोडलंय. म्हणते, मीच बांधला, मीच जाळला, आता माझ्या हातून या घराचं दुसरं काय जायचं राहिलंय.

मी तुझ्यावर रागावले होते कारण तू ते बघण्याजोगं नसलेलं लोकांना दाखवलंस. कुठवर दाखवायचं याला काही मर्यादा असते, हे मी अजूनही म्हणते. बसमध्ये बाला सुरकुत्या पडलेल्या मी विसरणार नाही, आणि तो टी-शर्ट बंद करायला लावला याबद्दल मी कधी माफी मागणार नाही. पण गेणूबाबाने प्रश्न विचारले त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. मी बाला बघितलं नाही. मला बघू नको म्हणाले, मी बरं म्हटलं. बस थांबली तर मी उतरून पळाले. तुझं कव्हर माझ्या फोनवर आलं की मी अंगठ्याने वर ढकलायची. आईने डोळ्यांसमोर दुसराच चेहरा धरला. पंचांनी तर न बघता जाळूनच टाकला. आपल्या सगळ्यांत तू एकटा होतास जो त्या खोलीत उभा राहिलास आणि बाकडे नीट बघत राहिलास. म्हणूनच तुझ्याकडे होता. तू तो का काढलास हे आता मला थोडंसं कळायला लागलंय. पण तो जगाला का दाखवलास यावर मी तुझ्याशी भांडणार आहे, आयुष्यभर.

गाडीची घोषणा झाली. दार उघड, एवढंच कर. मी तुला पाड्यावर चल म्हणून ओढणार नाही. आईची गाऱ्हाणी सांगणार नाही. तू नुसता लॅपटॉप उघड, मी शेजारी बसून सगळं बघीन, अक्षरं नसलेलं, झाकलेलं नसलेलं, मुखवट्याखाली जे दिसत असेल ते. या वेळी मान वळवणार नाही.

तू लिहिलंस, मूळ फोटोही पुसला. मी त्याच एका ओळीवर सारखी विचार करतेय. तू लहान असताना मी म्हणायचे, विहिरीत डोकावू नको, तर तू पालथा पडून डोकावायचास. बारावी कर म्हटलं, तू गिटार घेतलीस. नाशकातच रहा म्हटलं, तू बंगळुरू गाठलंस. जन्मात माझं एक ऐकलं नाहीस, आणि मी त्याबद्दल गावभर बोंबलत फिरले. आता या बाकावर बसून मी देवीला, म्हसासुराला, जो ऐकेल त्याला एवढंच मागतेय की माझ्या भावाने याही वेळी माझं ऐकलेलं नसू दे.

तुझी ताई